सिंगाच्या नावेचं तेल

उखर्डूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तो जन्मला तेव्हा आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं, आणि नाव पडलं उखर्डू. यमाला वाटावं, हा कचरा आहे, याला कोण नेतं? साठी उलटली तरी उखर्डू मिस्तरी हे हसत सांगायचा. "आमनं यमसंगे जुनं समजुतीनं चालनं शे," असं म्हणायचा. गेल्या श्रावणापासून मात्र तो हे बोलत नाही.

दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. चार पत्रे, एक लाकडी पेटी आणि उघडून ठेवलेली पाण्याची इंजिनं. दुरुस्तीची त्याची रीत साधी. चालू इंजिनावर लांब पेचकस टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बायको सुनंदाबाई म्हणायची, "इंजिननं आयकतस, मनं नही आयकत." ते खरंच होतं.

मुलगी मोनाली तापीच्या पल्याडच्या गावात दिलेली. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून गाव सिंगाच्या नावेनं ये-जा करतं. पत्र्याची नाव, मागच्या बाजूला शेतातलंच डिझेल इंजिन बोल्टांनी आवळलेलं. त्याचं तेल दरसाल श्रावणात, कानबाई देवीच्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी उखर्डू बदलायचा. लेकीची भेट होई आणि कामही.

त्या गावाची एक रीत आहे. नदीवर खाली बंधारा झाला आणि पाणी चढलं तेव्हा जुना घाट बुडाला, पण कानबाईला निरोप अजून तिथंच देतात. बायका नावेत बसून भर पात्रात, बरोबर घाटाच्या डोक्यावर जातात. आणि एकदा डोक्यावर घेतलेली कानबाई पाण्याला लागेपर्यंत खाली टेकवायची नाही. वारा असो, पूर असो, थांबणं नाही.

जमिनीवरच्या इंजिनाचं तेल काढणं म्हणजे पोरखेळ. खालचा नट सोडला की धार घमेल्यात. नावेत तो नट तळाच्या पत्र्याला चिकटलेला, तिथं बोटही शिरत नाही. म्हणून उखर्डूनं सायकलला हवा भरायच्या पंपाचा वायसर उलटा बसवून ओढायचा पंप केला होता. इंजिन थोडं तापवायचं, तेल पातळ झालं की तेल मापायच्या कांडीच्या भोकातून नळी खाली सोडायची आणि ओढत राहायचं. इतकी वर्षं हे काम त्यानं नाव पाण्यावर तरंगती ठेवूनच केलं.

गेल्या श्रावणात मात्र वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं आणि नदीला ओढ होती. सिंगानं नावेचं नाक चांगलं काठावर ओढून घेतलं. नाव मागं कलली. उखर्डू वाकून बसला, पंप ओढू लागला, आणि नळीतून आलं ते काळं नव्हतंच. चहात दूध जास्त पडावं तसा रंग. त्याचा हात थांबला.

"सिंगा, तेलमा पाणी शे."

"पाऊसमा नाव भराई गयी व्हती, मिस्तरीभाऊ," सिंगा म्हणाला. "तेच गयं व्हई."

हे पटण्यासारखं होतं, आणि उखर्डूला ते पटवून घ्यायचंही होतं. पावसाचं पाणी असेल तर सगळं ओढून काढलं की झालं. त्यानं नळीतून नुसती हवा येईपर्यंत ओढलं.

काठावर चमेलीबाई टिनाचा डबा घेऊन बसली होती. नावेचं जुनं तेल तिचं, हे गावात ठरलेलं. घराच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ती ते फासायची. डब्यात डोकावून ती म्हणाली, "हाई तेल शे का ताक? आनी डबा अपुरा काब्र? दरसाल ते काठोकाठ भरस."

"इंजिन म्हातारं व्हयनं, अक्का. तेल पी जास," उखर्डू म्हणाला.

सिंगा हसला. उखर्डूही हसला. नवं तेल ओतलं, कांडी घालून पाहिली तर तेल बरोबर खुणेला. थोडा वेळ इंजिन चालवलं, पेचकस कानाला लावला. आवाज स्वच्छ होता. तो हात पुसत लेकीकडे जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री वाजत काठावर आली. मोनालीची सासू सुगंधाबाई कानबाई डोक्यावर घेऊन पुढं, तिला धरून मोनाली. बायका चढल्या, नाव भरली. "आबा, तुम्ही बी चाला ना," मोनाली म्हणाली. पण नाव बायांची, म्हणून तो काठावरच राहिला. दोघातिघांनी नाक ढकललं आणि नाव पाण्यावर आली.

पाण्यावर आली आणि सरळ झाली. पुढं बसलेल्या बायांच्या वजनानं मागचा भाग वर उचलला. उखर्डू ते बघत उभा होता आणि बघता बघता त्याला कालचं उमगलं. काल नाव मागं कललेली होती. नळी पुढच्या बाजूला. मागं साचलेलं पाणी नळीपर्यंत आलंच नव्हतं. म्हणून डबा अपुरा. आणि कांडी खरं बोलली नव्हती, कारण तीही त्याच कलत्या तेलात बुडाली होती. चमेलीबाईनं तोंडावर सांगितलं होतं आणि त्यानं थट्टेवारी नेलं. आता ते पाणी पुढं सरकत असणार, जिथून इंजिन तेल उचलतं तिथं. आणि तेलाऐवजी पाणी गेलं की इंजिन घासून जागीच अडकतं.

त्यानं आरोळी दिली. वाजंत्र्यांत कोण ऐकतो? सिंगाला फोन लावला. फोन सिंगाच्या झोपडीत वाजला.

बुडालेल्या घाटावर नाव पोचली तेव्हा इंजिनानं एक घरघर केली आणि ते बंद पडलं. बायका गातच होत्या. कानबाई पाण्याला लागली. मग नाव हळूहळू आडवी झाली आणि बंधाऱ्याच्या उघड्या दारांकडे निघाली. तेव्हा गाणं थांबलं. उखर्डू काठाकाठानं धावत होता, चिखलात पडत होता, आणि त्याला फक्त मोनालीचं हिरवं लुगडं दिसत होतं. एवढा भ्याला तो जन्मात नव्हता.

अर्ध्या वाटेत पाण्याखाली गेलेल्या बाभळीचे शेंडे होते. सिंगानं त्यांत दोर फेकला. पहिला सुटला, दुसरा अडकला. दुसऱ्या काठाहून मासेमारांच्या होड्या आल्या आणि एकेक करून सगळ्यांना उतरवून घेतलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी घराघरांतून कानबाईच्या कृपेचीच गोष्ट चालली होती. उखर्डू ओसरीवर उभा राहून म्हणाला, "चूक मनी शे. मांगलं पाणी मी काढंच नही."

"तुमना काय संबंध, याही?" विहीण सुगंधाबाई म्हणाली. "मायले तठेच थांबनं व्हतं. इंजिनले तिनीच थांबाडं." आणि तिनं रोटाचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. त्यानं पुन्हा सांगितलं. देवीच्या करणीत हा मिस्तरी आपला मोठेपणा कशाला घुसवतो, अशा नजरेनं बायांनी पाहिलं.

तेवढ्यात सिंगा आला. "मिस्तरीभाऊ, थंडं व्हयनं नि चालू व्हयनं!"

उखर्डू पेचकस घेऊन काठावर गेला. मूठ कानाला लावली. घरघरीखालून एक ठोका येत होता. बारीक, नेमानं येणारा. बेअरिंग खाल्लं की हा ठोका येतो, आणि हा आल्यावर इंजिन किती दिवस चालेल हे कोणी सांगू शकत नाही.

"सिंगा, इंजिन खोलाले दोंडाईचाले लई चाल. तवलोंग नाव बांधी ठेव."

"बाजार व्हवू दे, मंग लयस," सिंगा म्हणाला. "माय पाठीशी शे ना आते."

सिंगा जेवायला गेल्यावर उखर्डूनं इंजिन सुरू करायचं हँडल आपल्या पिशवीत टाकलं. आयुष्यात त्यानं उचललेली ही पहिली परकी वस्तू. दुसऱ्या दिवशी तो पुलावरून, लांबच्या वळशानं दोंडाईच्याला आला. येताना मोनालीला बजावलं की सिंगा इंजिन खोलून घेईपर्यंत नावेत बसायचं नाही. ती हो म्हणाली. हँडल त्यानं दुकानात खिळ्याला टांगलं आणि सिंगाची वाट पाहू लागला. हँडल मागायला तरी तो येईल, इंजिन घेऊन येईल.

सिंगा आला नाही. पोळ्याच्या आधी मोनालीचा फोन आला. तिच्या आवाजामागं वारा होता, बायांची बोलणी होती.

"आबा, माले आठवण उनी तुमनी. मी येई ऱ्हायनू."

"कशी येई ऱ्हायनी, बेटा?"

"नावमा. सिंगादादानी शिरपूरथून नवं हँडल आनं. मस्त चाली ऱ्हायनी नाव. आमीन आते जुना घाटवर शेत."

उखर्डूनं तिला काही सांगितलं नाही. सांगून ती भर पात्रात काय करणार? त्यानं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हातानं गप्प राहायला सांगितलं, डोळे मिटले आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला. मोनाली बोलत होती. तिच्या बोलण्याखालून ठोका येत होता, पहिल्यापेक्षा मोठा.

"आबा, आयकी ऱ्हायनात ना?"

"हाव, बेटा," तो म्हणाला. "बोलत ऱ्हाय तू."