तुळसाचा निवाडा आणि आमचे मुखेडकर सर

प्रा. विठ्ठलराव मुखेडकर सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि मला आधी तक्रारीच आठवल्या. सरांचा जवळचा विद्यार्थी असण्याचा हा तोटा आहे.

सरांची ओळख नांदेडच्या महाविद्यालयात झाली. ते आम्हाला एक जुनी, नावाजलेली कादंबरी शिकवत. तीत तुळसा नावाची बाई तहानलेल्या लेकरासाठी गावविहिरीचे पाणी शेंदते आणि पंचायत तिचा निवाडा करायला बसते. मी उठून गाईडमधले उत्तर ठोकून दिले, “या कादंबरीत सामाजिक विषमतेचे विदारक चित्रण आले आहे.” सरांनी विचारले, “बिलोलीकडचे ना तुम्ही? गावात स्मशान एक आहे की दोन?” दोन होती. “मग चित्रण कादंबरीतच कशाला शोधता?” असे म्हणून सरांनी मला बसवले. मी पुढे लातूरला मराठीचाच प्राध्यापक झालो, हा त्याचा परिणाम.

सर प्रेमळ आहेत, पण त्यांचे प्रेम हाही एक जाच असतो. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सर रोज ऑटोने डबा घेऊन येत आणि मी पहिला घास घेतला की विचारत, “तुळसाच्या बाजूने पंचायतीत कोणीच का बोलत नाही?” शेवटी वडीलच खाटेवरून म्हणाले, “सर, पोराला जेवू द्या, मंग तिचं बघू.”

निवृत्तीनंतर माणसे घरी बसतात. सर ती कादंबरी घेऊन गावोगाव वाचन करत फिरतात. तीन दुपारी वाचन चालते. पहिल्या दोन दुपारी देवळासमोर, आणि निवाड्याचे शेवटचे प्रकरण दलित वस्तीतल्या समाजमंदिरात. वरच्या आळीची माणसे आल्याशिवाय ते प्रकरण उघडायचे नाही, हा सरांचा हट्ट. लातूरहून रजा टाकून सतरंज्या आणि माईक वाहायला आम्ही जुने विद्यार्थी आहोतच.

गेल्या हिवाळ्यात शिरूर अनंतपाळकडच्या एका गावी देवळासमोर ही एवढी गर्दी झाली. सरपंचांच्या आई कौसल्याबाई तर तुळसासाठी पदराने डोळे पुसत होत्या. तिसऱ्या दुपारी समाजमंदिर वस्तीतल्या माणसांनी भरले. वरच्या आळीतून चिटपाखरू आले नाही. सर मिटलेले पुस्तक मांडीवर ठेवून वाट पाहत राहिले. मी वैतागून म्हणालो, “सर, येणार नाहीत ते.”

तेव्हा समोर बसलेल्या गयाबाई कडाडल्या. या माजी ग्रामपंचायत सदस्य. “सर, ते न्हाई आले तर आमी काय उपाशी उठायचं का? हितंबी आदी त्यायचीच वाट बगायची? लई झालं आता. वाचा!”

मग मी इतक्या वर्षांत न पाहिलेले घडले. सर उठले, गयाबाईंना हात जोडून म्हणाले, “चुकलं माझं, बाई.” आणि त्यांनी प्रकरण वाचले. आपला हट्ट इतक्या जणांसमोर मोडणारा विद्वान मला दुसरा भेटलेला नाही. सरांविषयी मला वाटणारा आदर तिथला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये बसत असताना कौसल्याबाई लगबगीने आल्या. “सर, त्या तुळसाचं काय झालं वो?”

“गयाबाईंना माहीत आहे. त्यांना विचारा.”

“एवढं सांगायला तुमचं काय जातंय?”

सर हसून जीपमध्ये चढले. बाई चडफडत वस्तीच्या रस्त्याला लागल्या.

आठवड्याने मी सरांकडे होतो तेव्हा गयाबाईंचा फोन आला. सरांनी घाईघाईने विचारले, “आल्या होत्या का? चहा दिलात?”

“आली व्हती. चहा केलता, पर घेतला न्हाई. अंगणात उभ्या उभ्या समदं ऐकलं, डोळे पुसले अन् गेली.”

फोन ठेवून सर मला म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा जायचं.” मी कपाळावर हात मारला आणि रजेचा विचार करू लागलो.

सरांना उत्तम आरोग्य लाभो. कौसल्याबाई त्या अंगणात टेकून चहा पिईपर्यंत तरी त्यांनी आमच्यात असलेच पाहिजे; आणि आमच्या गावांची चाल पाहता, सरांना फार मोठे आयुष्य लागणार आहे.