पिशोरच्या चार सह्या

रामकिसनला चारुताचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो स्वतः त्याला 'वैचारिक मतभेद' म्हणायचा. कसले मतभेद अन् कसलं काय! दोघं एकाच डाव्या पक्षाचे, दोघांचं म्हणणं एकच. फरक एवढाच, की ती बोलायला उभी राहिली की लोक मोबाइल खाली ठेवायचे, अन् हा उभा राहिला की चहा सांगायचे.

गडी मूळचा पिशोर गावचा, पक्षाचं सभासदत्वही अजून तिथल्याच शाखेचं. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर काढली, युनियन बांधली, दोनदा तुरुंगात जाऊन आला. चारुता पक्षात आली आठ वर्षांपूर्वी, नवी नवी वकील. मोर्चात घोषणा कुठं तोडायची, हे तिला यानंच शिकवलं. आता तीच जिल्हा सचिवपदाला उभी राहणार म्हटल्यावर याच्या अंगाचा तिळपापड झाला. "काल आली अन् आज डोक्यावर बसली," असं तो वच्छलाबाईला रोज जेवताना ऐकवायचा.

"मग तुमीबी उभं राहा की," बायको म्हणायची.

राहिलाच होता तो उभा. पण अर्जावर बारा सभासदांच्या सह्या लागतात, त्यातल्या चार खेड्यातल्या शाखांच्या, अन् एका सभासदानं एकाच अर्जावर सही करायची. शिवाय जुन्या लोकांचा रिवाज असा, की उमेदवारानं स्वतःसाठी सही मागायची नाही. अर्ज दुसऱ्यानं फिरवायचा. रामकिसनचा अर्ज श्रीधर फिरवत होता, बँकेतून रिटायर झालेला जुना सोबती. चारुताला कसला आलाय रिवाज? ती स्कूटीवर स्वतःच फिरायची. "मला सचिव व्हायचंय, सही द्या," असं तोंडावर म्हणायची. अन् लोक द्यायचे! देवगाव रंगारीत एका दुपारीत तिला चार सह्या मिळाल्या. ते ऐकून रामकिसनला अन्न गोड लागेना.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं त्यानं पिशोर गाठलं. शाखेचा प्रमुख धोंडिबा अन् बाकीचे चार सभासद गोळा केले. 'मला द्या' म्हणायची सोय नव्हती, 'तिला देऊ नका' म्हणायची लाज वाटत होती. मग तो नुसता म्हणाला, "यंदा लई उलटसुलट चाललंय. मी सांगंपर्यंत कुणाच्याबी अर्जावर सही करायची नाय. शिस्त पाळा."

"व्हय भाऊ," धोंडिबा म्हणाला. रामकिसन खुशीत परतला, अन् नंतर काही सांगायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

अर्ज भरायची शेवटची वेळ शुक्रवारी पाचची. साडेचारला श्रीधर पिशोरहून शहरात, औरंगपुऱ्यातल्या पक्षाच्या ऑफिसात आला अन् त्यानं अर्ज रामकिसनपुढं टेबलावर ठेवला. शहरातल्या आठ सह्या जागेवर होत्या. खालच्या चार जागा कोऱ्या.

"देईनात रे," श्रीधर म्हणाला.

"मग तिथनं फोन करायचा की मला!"

"केला असता. पण उमेदवारालाच सह्या मागायला लावायच्या?"

रामकिसननं धोंडिबाला फोन लावला.

"आमी नाय म्हन्लं भाऊ," धोंडिबा म्हणाला. "अर्जावर नाव तुमचंच व्हतं, पर तुमी सांगितल्याबिगर कसं करावं? एकबी सही जाऊ दिली नाय." इतक्या अभिमानानं तो बोलत होता, की रामकिसनला "शाबास" म्हणावंच लागलं. पिशोर गाठून परत यायला आता चार तास लागले असते.

तेवढ्यात चारुता आली. तिच्या बारा सह्या कधीच झाल्या होत्या. तिनं श्रीधरचा पडलेला चेहरा पाहिला, टेबलावरचा अर्ज पाहिला, अन् तिला सगळं कळलं. ती रामकिसनच्या शेजारी बसली.

"भाऊ, घोषणा द्यायला तुम्ही शिकवलं मला. माझ्या अर्जावर तुमची सही हवीय. द्या."

मागून मोकळी झाली की हो! तिच्या भाषणाचा, तिच्या गर्दीचा हेवा रामकिसननं आजवर पुष्कळ केला होता, पण या एका 'द्या'चा जेवढा वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता. तीस वर्षांत त्याला तो शब्द स्वतःसाठी कधी उच्चारता आला नव्हता.

"माझी सही पिशोर शाखेची," तो म्हणाला. "पिशोरनं यंदा कुणालाच द्यायची नाय, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मीच," रामकिसन म्हणाला.