भ्रम म्हणून लिहिलेला आवाज

वर्कशॉपच्या दाराशी एक काचेची खिडकी होती आणि खिडकीमागे तक्रारी लिहून घेणाऱ्या बाई. गाडीची तक्रार घेऊन आलेला माणूस आधी त्यांच्यापुढे उभा राहायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मग तोंडाने आवाज काढायचा. बँकेतला मोठा अधिकारी टाय सावरून "खुळ्ळ, खुळ्ळ" करायचा. एक वकीलबाई "चीं-टक" करून लाजायच्या. बाई कधी हसल्या नाहीत. तो आवाज त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत जसाच्या तसा उतरवायच्या, शेजारी गाडीचा नंबर लिहायच्या, मालकाशेजारी बसून एक फेरी मारून यायच्या आणि मिस्त्रींना सांगायच्या, "डाव्या चाकाचं बेअरिंग." बहुतेक वेळा बेअरिंगच निघायचं. बावीस वर्षं हे असं चाललं होतं. मिस्त्रीमंडळींनी त्यांचं नाव कानसेनबाई ठेवलं होतं. बाई वरवर रागवायच्या, पण मनातून त्यांना ते नाव पदवीसारखं वाटायचं.

मध्यम आकाराच्या एका गाडीने मात्र त्यांना पुरतं पिडलं होतं. नवी असताना राजबिंडी, जुनी झाली की नुसतं रडगाणं. खड्डा आला की समोरचा कप्पा आपोआप उघडून शेजारच्याच्या गुडघ्यावर आपटायचा. एसी फक्त पायांना गार करायचा. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर समाधी लावून बसायचा. जुन्या बाजारात स्वस्त, म्हणून तीच जास्त खपायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या कुरकुरीने बाईंच्या तीन वह्या भरल्या होत्या.

त्याच गाडीचं रिकॉल निघालं. कंपनीने कळवलं की ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यातला रबरी पडदा चिरतो. तो फाटला की पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी वेळेवर थांबत नाही. त्या वर्षाच्या सगळ्या गाड्या बोलावून डबा फुकट बदलून द्यायचा होता. या वर्कशॉपच्या वाट्याला एकेचाळीस गाड्या आल्या. बाईंनी फोन करकरून, कुणाला दटावून, कुणाला गोड बोलून चाळीस आणवल्या. एकेचाळिसावीचं पत्र तेवढं परत आलं. पहिला मालक गाडी विकून परदेशी गेला होता, आणि कंपनीच्या यादीत अजून त्याचंच नाव होतं.

"मालक सापडत नाही असा शेरा मारा," साहेब म्हणाले. "यादी बंद करू. आपण कुठवर पुरे पडणार?"

शेरा मारायला काय लागतं? पण तो नंबर बाईंना ओळखीचा वाटत होता. त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि वह्या काढल्या. दुसऱ्या वहीत, आठ महिन्यांपूर्वीच्या पानावर, तो सापडला. त्यांचंच अक्षर होतं. "पोहायला शिकवतात. ब्रेक दाबला की गाडी दम सोडते म्हणतात. धापा टाकणारं पोर काठ धरून सोडतं तसा. फुस्स." आणि खाली: "फेरी मारली. आवाज नाही. भ्रम."



त्यांना सगळं आठवलं. ती उंच, सडसडीत बाई तीन-तीनदा म्हणत होती, "आत्ता आला बघा!" आणि यांना काही ऐकू येत नव्हतं. मला येत नाही म्हणजे नाहीच, असा तो तोरा. वर सगळ्यांसमोर, "दिवसभर पाण्यात असता, कानात पाणी गेलं असेल," असा विनोदही केला होता. मिस्त्री खो खो हसले होते. दोष निघाला नाही म्हणून कॉम्प्युटरवर नोंद झाली नाही, नाव नाही की फोन नाही. ती बाई हसून, मान खाली घालून गाडी घेऊन गेली होती.

आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त बोचली. वर्षभर घरी नवरा म्हणत होता, "अगं, गजर केव्हाचा बोंबलतोय!" बाईंनी घड्याळालाच दोष दिला होता. दोन नवी घड्याळं आणून झाली होती.

"चला माझ्याबरोबर," त्या थोरल्या मिस्त्रींना म्हणाल्या. गावात पोहण्याचा तलाव एकच होता.  ती गाडी रोज शाळेपुढून, बाजारातून, उतारावरून जात असेल, एवढंच वाटभर बाईंच्या डोक्यात घोळत होतं.

शिक्षिका काठावर उभी राहून पोरांना हात मारायला लावत होती.

"मला ओळखलंत?" बाईंनी विचारलं. "तुमची ती गाडी कुठे आहे?"

"ती होय? घरी. चाकांना विटा लावून उभी आहे, आठ महिने झाले."

"पण मी तर म्हणाले होते, काही नाही म्हणून!"

"म्हणालात ना. घरचेही म्हणाले, एवढी जाणती बाई सांगते ते खोटं का? पण माझा जन्म पोरांचे श्वास ऐकण्यात गेला हो. नवऱ्याला सांगून टाकलं, किल्लीला हात लावलास तर याद राख. बसने येते-जाते. सासूबाई टपावर कपडे वाळत घालतात."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या ओल्या बाकावर मटकन बसल्या आणि हसायलाच लागल्या. "माझं ऐकलं नाहीत, फार बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. जन्मभर लोकांनी आपला शब्द मानावा म्हणून धडपडलेल्या बाई. तो मानला नाही याचा आनंद त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून आणली. मिस्त्रींनी इंजिन सुरू करून पेडल दाबलं.

"हा बघा!" मिस्त्री आणि शिक्षिका एकदमच म्हणाले.

बाईंनी कान दिला. काही नाही. त्यांनी वाकून पेडलच्या वर हात नेला, तेव्हा हवेची झुळूक तळहाताला कळली.

"मला ऐकू येत नाही," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "बारीक आवाज येतच नाहीत आता."

कुणी हसलं नाही. थोरले मिस्त्री पेडलवरचा पाय काढून खाली बघत राहिले. "ताई, तेव्हा गाडी वळवताना मलाही आला होता. पण तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, माझेच कान वाजले."

"मग बोलायचं नाही का, माणसा?"

"तुमच्यापुढे?"



दुपारपर्यंत ब्रेकचा डबा बदलून झाला. फाटलेला पडदा मिस्त्रींनी खिडकीच्या फळीवर आणून ठेवला. चीर चांगली बोटभर होती. शिक्षिकेने गाडी बाहेर काढली, फाटकाशी ब्रेक लावला आणि काच खाली करून हात हलवला. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"नक्की? माझ्या तोंडाकडे बघून सांगू नका."

"नक्की, ताई."

बाईंनी वही उघडली. "भ्रम" खोडलं. "आवाज होता," लिहिलं, त्याखाली आजची तारीख आणि "आता नाही." मग पेन मिस्त्रींच्या हातात दिलं आणि त्यांना सही करायला लावली.