डोळ्यातली खिडकी

शाळांमध्ये चित्रं काढून दाखवायला बोलावतात, तेव्हा एखादं पोरगं विचारतंच, "तुम्ही चित्रकार कशा झालात?" मी सांगते, लहानपणी भिंती रंगवायचे आणि आईचा मार खायचे. सगळे हसतात. ते खोटं नाही, पण खरंही नाही. खरं सांगितलं तर मला कुठलीही शाळा परत बोलावणार नाही. मेलेल्या माणसांचे डोळे उघडता उघडता मी मुलांच्या पुस्तकांची चित्रकार झाले.

शिक्षण संपलं तेव्हा मी प्रकाशकांना चित्रं पाठवत होते आणि 'नको' एवढंसुद्धा कुणी कळवत नव्हतं. घरी बसून नाकावर राग घेऊन फिरण्यापेक्षा उल्हासनगरला एका सिंधी काकांच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायला लागले. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो आणि फ्रेमचे फोटो. फ्रेमचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीवर लावतात तो. काही माणसांचा आयुष्यात एक धड फोटो नसतो. मग घरचे लोक तिरडी उचलायच्या आधी मोबाइलवर घेतलेला फोटो आणतात. नाकातला कापूस काढायचा, अंगात चांगला सदरा चढवायचा आणि डोळे उघडायचे. काका पडद्याआडून म्हणायचे, "बेटा, आँखें खोल दे, घरवाले बाहर बैठे हैं." दोन कटिंग चहा सांगावेत तसं.

डोळे आणायचे कुठून? त्यासाठी माझा एक फोल्डर होता. पासपोर्ट फोटोला आलेल्या जित्या गिऱ्हाइकांचे डोळे त्यात साठवलेले. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचे, बाईला बाईचे. घरचे लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, "अगदी असंच बघायचे हो." मी आत बसून ऐकायचे. त्या नजरेचा मालक कदाचित त्याच वेळी कॅम्प चारच्या बाजारात भेंडी निवडत असायचा.

भीती मला वाटली नाही. आम्ही बौद्ध. भूतखेत, दृष्ट, नवस हे सगळं आजोबांच्या पिढीनेच उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. बाबा आमच्या अंबरनाथमधल्या आनंदनगरच्या कंपनीतून येऊन चहा पिताना माझ्या कामाबद्दल ऐकायचे आणि म्हणायचे, "डोळे म्हणजे रंग आणि रेषा. मन लावून कर." मी मन लावून करत होते.

एका दुपारी चामटोलीहून एक माणूस आणि त्याची म्हातारी आई आली. त्याची अकरा महिन्यांची मुलगी तापाने गेली होती. जावळ काढायच्या आत फोटो काढला तर दृष्ट लागते म्हणून म्हातारीने घरात कुणाला मोबाइल वर करू दिला नव्हता. त्यामुळे पोरीचा जन्मातला फोटो एकच, गेल्यानंतरचा. कुठल्याशा नातेवाइकाने काढलेला. म्हातारी काउंटरला धरून उभी होती आणि एकच वाक्य बोलत होती, "डोळं उघडं पायजेत."

फोल्डरमध्ये बाळांचे डोळे होते. पण काका आडवे आले. "ज़िंदा बच्चे की आँख इसमें नहीं डालने का. मेरी दुकान में नहीं." मोठ्या माणसांचे चालतात, लहान मुलांचे नाही, असा त्यांचा नियम. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अंधश्रद्धेपायी हे लोक बिनफोटोचे परत जाणार काय? "फिर मेरी बचपन की डालती हूँ," मी म्हणाले. "मैं तो बच्ची नहीं हूँ अब." काका काउंटर सोडून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी घरून माझा एक वर्षाचा फोटो नेला. बाबांच्या मित्राने आमच्या खोलीत, खिडकीसमोर बसवून काढलेला. स्कॅन करून मोठा केला तर डोळे पुसटले. मग मी ते स्वतः रंगवले. बुबुळ, पापण्या, आणि शेवटी डोळ्यातली चमक. डोळ्याला जीव येतो तो त्या पांढऱ्या ठिपक्याने. पण मी नुसता ठिपका दिला नाही. फोटोत खिडकीचा उजेड होता, म्हणून दोन्ही डोळ्यांत इवलीशी खिडकी काढली. पाच गज. मधला वाकडा, कारण चौथ्या वर्षी माझं डोकं त्यात अडकलं होतं आणि बाबांनी पहार घालून तो वाकवला होता. म्हणजे फोटो काढला तेव्हा तो सरळच असणार. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी फोटो बघून नाही, आठवणीतून काढत होते.

म्हातारी फोटो घेऊन निघाली. पदराने काच पुसत गेली.

आणि गंमत बघा, माझं नशीब तिथूनच फिरलं. त्या बाळाचे डोळे हाताला असे बसले की मी कागदावरही तसेच काढायला लागले, मोठे, गोल, आत खिडकी. त्याच डोळ्यांची एक फ्रॉकवाली मुलगी काढून एका प्रकाशकाकडे पाठवली आणि पहिल्यांदा उत्तर आलं. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "हिच्या डोळ्यांत काय आहे हो? ही बघते आपल्याकडे!" एक पुस्तक झालं, मग दुसरं, मग त्या मुलीची मालिकाच ठरली. मी स्टुडिओ सोडला. काकांनी पेढे घेतले, पण हातात धरून ठेवले, माझ्यासमोर खाल्ले नाहीत.

घरी काम सुरू झाल्यावर एक सवय लागली. सकाळी नऊच्या सुमाराला मी टेबलाशी बसलेली असायचे, ब्रश हातात, आणि मध्येच "हो" म्हणायचे. मोठ्याने. पहिल्यांदा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाला हो म्हणतेस?" मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. कानावर काही पडायचं नाही. फक्त कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि उत्तर द्यायचं राहिलंय असं वाटायचं, आणि तोंडातून हो निघून जायचं. पुढे आई नऊ वाजले की चिडवायला लागली, "आला बघ तुझा फोन." मी हसायचे. रविवारी, आजारपणात, एकदा तर तोंडात ब्रश असतानाही, पण हो चुकला नाही. एके दिवशी मुद्दाम ओठ घट्ट मिटून बसले. छाती इतकी भरून आली की शेवटी म्हणाले आणि मगच श्वास सुटला. त्या दिवशी मी घाबरले. बाबा तोवर गेलेले. हे रंग आणि रेषांत बसत नव्हतं आणि विचारायचं तर कुणाला, म्हणून कुणालाच विचारलं नाही.

अशात त्या बाळाच्या फोटोला सात वर्षं झाली. मग चामटोलीच्या अंगणवाडीत माझी पुस्तकं गेली आणि मला मुलांसमोर चित्र काढायला बोलावलं. गावाचं नाव ऐकून मला काहीही आठवलं नाही, हे कबूल करते. मुलं पुढ्यात बसली होती. तिथली मदतनीस मागे खिचडीचं पातेलं घेऊन उभी होती. मी फळ्यावर माझी ती मुलगी काढली, डोळे काढले, आत खिडकी काढली. मदतनीस बाईने पातेलं खाली ठेवलं आणि फळ्याजवळ आली.

मुलं जेवायला बसल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "ताई, ताकाला जाऊन भांडं लपवत नाय. माझी मुलगी अकरा महिन्यांची गेली. तिचा फोटो हाय घरात. तिच्या डोळ्यात ही खिडकी हाय. पाच गज, मधला वाकडा. आमच्या घराला अशी खिडकी नाय. माझ्या माहेरी नाय, पाव्हण्यांत नाय, दवाखान्यात पण जाऊन बघितली, नाय. सात वरसं शोधते. माझी बाय ती कुठं बसून बघते? तुम्हाला ठाऊक हाय. तुम्ही ती काढता."

माझ्या हाताला खडूची भुकटी होती, ती मी नुसती साडीला पुसत राहिले. फोटो कसा तयार झाला ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा आणि सासू फ्रेम घेऊन आले, डोळे उघडे होते, तिने मानलं की कुणीतरी कधीतरी जितेपणी फोटो काढला होता. तिथल्या तिथे खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "रविवारी अंबरनाथला या," एवढंच म्हणाले. एवढं फटकळ तोंड माझं, पण त्या दिवशी कामाला आलं नाही.

रविवारी ती आली ती नऊच्या आधीच. फ्रेम चादरीत गुंडाळून आणलेली. आमची बैठी चाळ, तीच खोली, तीच खिडकी. तिने चप्पल काढली आणि थेट खिडकीशी गेली. गज मोजले. वाकड्या गजावर हात ठेवला. मग खिडकीकडे तोंड करून जमिनीवर बसली, लहान मूल बसेल तेवढ्या उंचीवर. चादर सोडून फ्रेम मांडीवर घेतली आणि बोटाने काच पुसत म्हणाली, "बाय, खाल्लंस का?"

"हो," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घड्याळात नऊ वाजले होते. त्या बाईने वळून बघितलं, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्या डोळ्यांकडे. मला वाटलं ती ओरडेल. आईने माझा जुना फोटो कपाटातून काढून तिच्या पुढ्यात ठेवला. मी सगळं सांगितलं, कापूस, फोल्डर, काकांचा नियम, माझा आगाऊपणा. सांगताना मी रडत होते, ती नाही.

"मी रोज विचारते," ती म्हणाली. "कामाला निघायच्या आधी. बाय, खाल्लंस का. मला वाटायचं ती हो म्हणते. सासू म्हणायची येडी झाली. म्हंजे तू म्हणत होतीस."

"हो."

"सात वरसं मी तुला विचारत होते."

आईने तिच्यापुढे चहा ठेवला, त्यावर साय आली तरी कुणी उचलला नाही. शेवटी तिने फ्रेम माझ्या हातात दिली. "हिचे डोळे मिट आता. ही तुझी नजर हाय. माझ्या बायची मला दे."

मूळ फोटो कुठेच नव्हता. नातेवाइकाचा मोबाइल हरवलेला, काकांचा कॉम्प्युटर भंगारात. मी विचारलं, "झोपायची कशी?" ती पहिल्यांदाच हसली. "डावा डोळा जरासा उघडाच राहायचा. मी बोटाने मिटायचे, पुन्हा उघडायचा."

डोळे उघडायला मला अर्धा तास लागला होता. मिटायला सहा दिवस लागले. डाव्या पापणीखाली एक बारीक फट ठेवली. तिच्यात खिडकी नाही, चमक नाही, नुसता ओलसर अंधार. चामटोलीला नेऊन दिला तेव्हा तिने तो अंगणातच उघडला. "हां," म्हणाली. "हीच माझी." आणि बोट डाव्या डोळ्यावर ठेवलं. म्हातारी ओट्यावर बसली होती. तिने तोंड फिरवलं.

त्यानंतर मला ती खिडकी काढता येईना. संपादकबाईंना साध्या ठिपक्याचे डोळे पाठवले. त्या म्हणाल्या, छान आहेत, पण ही ती नाही. मालिका थांबली. आता दुसरी कामं मिळतात, कमी मिळतात, मी करते.

पण मला सांगायची आहे ती फोटो देऊन आल्यानंतरची सकाळ. आईने पोळ्या करून ठेवल्या होत्या. मी टेबलाशी बसले. नऊ वाजले. मी वाट बघत होते हे मला तेव्हाच कळलं. सव्वानऊ झाले. आई दारातून माझ्याकडे बघत होती, तिने चिडवलं नाही. मग तीच जवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "खाल्लंस का?"

मला काही केल्या हो म्हणता आलं नाही.