गाडी जोडलेली नाही

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या स्टोअरमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे ते साठत जातात आणि एक दिवस दारच उघडत नाही. तुर्भ्याला आमची बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी आहे. तिच्या परचेसमध्ये आम्ही तिघं: मी, जवळच्याच दिवाळे गावातली हर्षदा कोळी आणि साताऱ्याकडचे जाधव. आमच्या डोक्यावर देशमुख साहेब. जाधवांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि खोकी फारच वाढली.

गाडी घेतली ती आईसाठी. आई साताऱ्यापलीकडे गावात एकटी राहते आणि जाधवांच्या नावड्याच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरतो. दर शनिवारी तिच्याकडे जायचं, असं जाधवांनी मनाशी पक्कं केलं होतं. अडचण एवढीच की गाडी एका दमात गावापर्यंत पोचते, परतायचं तर तिथे चार्ज करावी लागते. म्हणून घरच्या प्लगवर चालणारा, सोबत नेता येणारा चार्जर हवा होता.

पण परचेसचा माणूस टूथब्रश घ्यायला गेला तरी तीन कोटेशनं मागवतो.

*

जाधवांनी पहिल्या दुकानदाराला फोन लावला. वॉरंटी, डिलिव्हरी शेड्यूल, रिजेक्ट झालेला माल कोण उचलणार, सगळं विचारून घेतलं. समोरचा खूश. त्याला बहुधा एखाद्या टॅक्सी कंपनीचा फोन वाटला असावा. शेवटी त्याने हळूच विचारलं, "सर, क्वांटिटी किती?"

"सध्या एक," जाधव म्हणाले. "पण रेट वर्षाच्या काँट्रॅक्टचा लावा."

फोन कट झाला. जाधवांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'व्हेंडर गंभीर नाही.'

*

दुसऱ्याकडे त्यांनी सॅम्पल मागितलं. त्या भल्या माणसाने वाशीच्या दुकानातला डेमो पीस खरंच पाठवून दिला. विटेएवढा ठोकळा आणि त्याला अजगरासारखी केबल. जाधवांनी तो उचलून पाहिला आणि कंबर धरली. "हा कसला पोर्टेबल?"

हर्षदाने एका हाताने उचलला, दुसऱ्या हातात चहा तसाच. तिची आई आजही दिवाळे गावच्या बाजारात मासे विकायला बसते. "आयशीची कोलंबीची पाटी याच्याहून जड हाय," ती म्हणाली. "तिला आजपावेतो कोनी पोर्टेबल म्हनला नाय."

*

मग गाडी अडली ती 'स्मार्ट'वर. स्मार्ट चार्जर म्हणजे इंटरनेटला जोडलेला. तो चालू आहे की बंद, गाडी लावली आहे की नाही, हे मोबाईलवर कुठूनही कळतं. दुकानदाराने हे फार कौतुकाने सांगितलं.

जाधव म्हणाले, "कुठूनही कशाला? गावात मी त्या चार्जरच्या उशाशीच झोपणार. त्याने मला मेसेज कशासाठी पाठवायचा?"

"सर, फ्युचरिस्टिक आहे."

"साधा दाखवा. हुशार माणसं ऑफिसात पुरेशी आहेत."

साधा स्टॉकमध्ये नव्हता. झक मारत स्मार्ट घेतला. त्या दिवशी देशमुख साहेबांनी पेढे मागवले, कारण आमच्या डिपार्टमेंटची ही ऑर्डर कंपनीच्या मोल्डिंग मशीनपेक्षा जास्त लांबली होती.

*

रंगीत तालीम नावड्याला झाली. तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून केबल बाहेर काढली, गाडीला लावली आणि जाधव खुशीत आंघोळीला गेले. गिझर लावल्याबरोबर फट्, अख्ख्या घराची लाईट गेली. वहिनींनी बाहेरून एवढंच विचारलं, "गाडी की तुम्ही?"

ते ऑफिसात आले तेव्हा केस उभे आणि शर्ट कालचा. पण चेहऱ्यावर काय तेज!

"गाडी फुल हाय," हर्षदा मला म्हणाली, "मानूस तेवढा डाऊन."

*

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला फोन केला. फोन स्पीकरवर, आम्ही सगळे कानांसकट हजर.

"आई, येतोय उद्या. फक्त एक घोळ हाय. गाडी गावापातूर येती. तिथं चार्ज झाली न्हाई तर परत जाता यायचं न्हाई."

"मंग?" आई म्हणाली. "ह्यात घोळ कुठला?"

जाधवांनी स्पीकर बंद केला. हर्षदाने आणि मी आपापल्या स्क्रीनकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

*

आणि घोळ झालाच. गावात प्लग लावला तर चार्जरवर तांबडा दिवा. घराला अर्थिंगच नव्हतं, आणि अर्थिंगशिवाय हा शहाणा चार्जर काम करत नाही. जाधवांचा रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, मागे आई निवांत शेंगा सोलतेय. लेक अडकल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना.

गावातल्या वायरमनने तुळशीमागे खड्डा खणला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ घातलं आणि बजावलं, "आजी, ह्यात रोज पाणी घालायचं. खड्डा सुकला की दिवा तांबडा." दिवा हिरवा झाला, गाडी चार्ज झाली आणि जाधव सोमवारी अर्धा दिवस उशिरा कामावर आले.

पुढे नावड्याच्या सोसायटीत सगळ्यांसाठी चार्जर बसला. मग जाधवांनी आपला चार्जर गावातल्या ओसरीत भिंतीवर स्क्रूने पक्का बसवला आणि चुलतभावाच्या वायफायला जोडून दिला. इतके महिने घासाघीस करून पोर्टेबल घेतला तो यासाठी!

*

तेव्हापासून सकाळच्या मीटिंगमध्ये जाधवांचा फोन रोज टुणकन वाजायला लागला. ॲपचा मेसेज: 'चार्जर तयार आहे. गाडी जोडलेली नाही.'

"पीस डिफेक्टिव्ह आहे," देशमुख साहेब म्हणाले. "वॉरंटीत टाका."

जाधवांनी आधी आईला विचारलं. ती म्हणाली, "मीच बटन दाबती. तुळशीला पाणी झालं की खड्ड्याला घालती. मंग दिवा हिरवा हाय का बघती आन् बंद करती."

"आई, मी शनिवारी येतो. रोज कशाला बघतीस?"

"तयार असावं."

साहेबांनी नोटिफिकेशन बंद करायला सांगितलं. जाधव हो म्हणाले आणि केलं नाही. आम्हालाही सवय झाली. टुणकन वाजलं की हर्षदा म्हणायची, "आयशीचा पानी घालून झाला," आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो.

मग एक दिवस फोन वाजलाच नाही. मीटिंग संपत आली. जाधव झाकणांच्या कच्च्या मालाच्या रेटवर बोलत होते आणि डोळे फोनवर. एक आकडा दोनदा चुकले. साहेबांनीच मीटिंग थांबवली. "लावा हो फोन."

बराच वेळ रिंग वाजली. फोन स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध. शेवटी आईने उचलला.

"आई, बरी हायस न्हवं?"

"मला काय झालंय? लाईट गेलीया." आणि मग त्यांचं बोलणं लांबत गेलं. म्हैस, गुडघा, चुलतभावाच्या पोरीचं स्थळ. साहेबांनी आम्हाला खुणेनेच बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशीही फोन गप्प. या वेळी जाधवांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

"आई, आजबी लाईट न्हाई व्हय?"

"हाय की," आई म्हणाली. "बोल."