गाडीचा कॅप्टन

भंडारा-साकोली एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, आणि शेजाऱ्याची चौकशी केल्याशिवाय मला प्रवास पचत नाही. चौकशीत कळलं, विमानात कोणी आजारी पडलं की वैमानिक रेडिओवरून जमिनीवरच्या डॉक्टरला सल्ला विचारतो. ती डॉक्टर म्हणजे ही, आपल्या साकोलीची पोरगी! माझीच छाती फुगली.

तेवढ्यात मागच्या बाकावर एक बाबा छाती धरून कलंडले. मधे उभं वऱ्हाड खच्चून भरलेलं, मागे जाणार कसं? हिने डोळे मिटले, कानाला हेडफोन असल्यासारखं एक बोट कानावर ठेवलं आणि आवाज दिला, "कंडक्टरदादा, तुमी पाहा, मले सांगा. घाम आहे?"

"लय घाम आहे, ताई! डावा हात दुखून राहिला म्हनते."

तिने डोळे उघडले. "कॅप्टन, दवाखाना गाठा, असा माझा सल्ला आहे. ठरवा तुमी."

"कॅप्टन कोन?" ड्रायव्हर दचकला.

"तुमीच."

तो ताठ झाला. "बसा समदे! गाडी लाखनीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो!"

"अन् आमचा मुहूर्त?" वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं.

"कॅप्टनले बोलायचं नाही!"

बाबा वेळेवर पोचले. त्यांना तिथल्या डॉक्टरांच्या हाती सोपवून ती परत आली, तेव्हा मी विचारलं, "एवढ्या घाईत ड्रायव्हरले काहून विचारलं?"

"काका, आमी सल्ला देतो. माणसं त्याच्या हाती असते."

साकोलीला ड्रायव्हर आधी उतरला, टोपी नीट केली आणि दाराशी उभा राहून प्रत्येक प्रवाशाला नमस्कार करू लागला. वऱ्हाडालासुद्धा.