गाळावरचे शिंपले

हिवाळ्यात रविवारी आम्ही धरणावर पक्षी बघायला जायचो. हे ऐकलं की चाळीसगावातले लोक माझ्या वडिलांकडे जरा काळजीनंच बघायचे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पक्षी बघायला कुणी जात नसे. जात ते हाकलायला, ज्वारीच्या शेतावर. वडील रेल्वेत कारकून. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी दुर्बीण त्यांच्या हाती लागली आणि हे खूळ डोक्यात शिरलं. धरणावरचे मासेमार ओळखीचे झाले होते, ते होडी द्यायचे. वल्हवायचे वडीलच.

होडीत पुढे आबा, म्हणजे माझे आजोबा, मध्ये वडील, मागे आई आणि मी. आबांना सोडून कुठं जायची सोय नव्हती, आणि आबा असले की आई बोलायची नाही. आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालंच तर माझ्यामार्फत. मी म्हणजे घरातला टेलिफोन. कपाळापर्यंत पदर, मान वळवलेली, अशी ती एवढ्याशा होडीत तासन्‌तास बसायची. बघून मलाच गुदमरायला व्हायचं. तरी ती रविवारची वाट बघायची, कारण आठवड्यात उंबऱ्याबाहेर पडायचा तिचा तेवढाच वार. गिरणेकाठच्या गावात वाढलेली बाई, पाणी दिसलं की खुलायची. चक्रवाकांची जोडी सगळ्यांच्या आधी तिला दिसायची. ती माझा दंड दाबायची, मी ओरडायचे, आणि शाबासकी मला मिळायची. काठाला उतरलो की ती शिंपले वेचायची. मोठे कैरी सोलायला, लहान गुळगुळीत शेजारपाजारच्या बाळांना औषध पाजायला.

त्या रविवारी कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं. धरणाचं पाणी बरंच खाली गेलेलं, आणि नव्यानं उघड्या पडलेल्या गाळावर शिंपलेच शिंपले. वरून गाळ सुकून भेगाळला होता. आबांनी होडी तिकडं लावायला सांगितली.

आई माझ्या कानाशी कुजबुजली, "आबास्ले सांग, तठे उतरू नका. वरथीन सुकेल शे, खाले बठ्ठा गारा शे."

मी सांगितलं, खाली सगळा चिखल आहे म्हणते. आबा हसले. "तुन्ही मायले सांग, माले माटी समजस."

समजत होतीच. जन्मभर कपाशीची काळी जमीन कसलेला माणूस. त्यांच्या रानात भेगा पडल्या म्हणजे जमीन दगड झाली, खुशाल बैलगाडी घाला. ते धोतर खोचून उतरले. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले, आणि पाय उपसायला गेले तसे मांडीपर्यंत. वडील वल्हं टाकून उभे राहिले, तर होडीच कलंडायला आली. तीही गाळात बसली होती, मागं जाईना की पुढं जाईना.

"आबास्ले सांग, हालू नका," आई म्हणाली. मी किंचाळून सांगितलं. माझं कोण ऐकतंय! आबा धडपडत होते, कमरेपर्यंत गेले होते, आणि त्यांच्या तोंडातून नुसता घशातला आवाज येत होता.

मग आई उठली. पदर खांद्यावर घसरला. "आबा! हालू नका! मांगे पडा, पाठवर! मी धरस तुम्हले!"

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आबा मुकाट मागं पडले. तिनं होडीतली फळी उपसून गाळावर टाकली, तिच्यावर पालथी पडली आणि त्यांच्या काखेत हात घातले. वडिलांनी तिचे पाय धरले. ओढता ओढता आबा एकदाचे होडीत आले. आईनं पहिलं काम काय केलं, तर चिखलानं लडबडलेला पदर तसाच डोक्यावर घेतला. वडिलांनी बांबूनं रेटत होडी मोकळी केली.

संध्याकाळी ओट्यावर शेजारच्या नानांनी विचारलं, "आज लवकर उनात?"

"सून भ्याई गयी पानीले," आबा म्हणाले.

वडील दुर्बीण पुसत राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत धावले. आई स्टोव्हपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, सांग ना त्यांना, खरं काय ते सांग. तिनं मला गप्प बसायला सांगितलं.

पुढच्या रविवारपासून तिला न्यायचं बंद झालं. "तिले भ्याव वाटस," आबा म्हणायचे, आणि वडिलांनी एकदाही तोंड उघडलं नाही. आता वाटतं, जिनं आपल्याला तसं बघितलं तिच्यासमोर होडीत बसणं आबांना झेपलं नसतं. तेव्हा मात्र मला त्यांचा नुसता संताप यायचा. शेजारणींनी विचारलं की आई स्वतःच सांगायची, "हाव, माले पानीनं भ्याव वाटस." सासऱ्याची लाज राखायला तिनं ते इतक्या वेळा सांगितलं की पुढं कुणी विचारेनासं झालं.

नव्वद साल उलटल्यावर, माझं लग्न झाल्यावर, मी तिला कोकणात समुद्रावर नेलं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बेटावर शिंपले वेचायला होड्या सुटत होत्या. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "नको, माले भ्याव वाटस." मी हसले. म्हटलं, आई, इथं कोण ऐकतंय? आणि तिला होडीत चढवायला तिचा हात धरला.

हात गार पडला होता. तो सोडवून घेऊन ती पाण्यापासून चार पावलं मागं सरली.